ब्लोफेल्ड बाँडला ओळखत नाही

१९६७ च्या ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’ या जेम्स बाँडपटात, जपानमधल्या एका ज्वालामुखीच्या पोटात, स्पेक्टर या गुन्हेगारी संघटनेचा म्होरक्या अर्न्स्ट स्टाव्हरो ब्लोफेल्ड पहिल्यांदा तोंड दाखवतो. त्याआधी ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ आणि ‘थंडरबॉल’मध्ये त्याचे नुसते हात दिसले होते, मांडीवरची पांढरी मांजर दिसली होती आणि आवाज ऐकू आला होता. आता डोनाल्ड प्लेझन्स समोर येतो. तुळतुळीत टक्कल, डोळ्यावरून गालावर उतरलेला व्रण. तो बाँडला स्वतःचं नाव सांगतो. दोघं समोरासमोर आहेत, एकमेकांना नीट न्याहाळतायत.

दोन वर्षांनी ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’मध्ये बाँड पुन्हा त्याच्यापुढे जाऊन उभा राहतो, आल्प्सच्या एका शिखरावर. यावेळी तो सर हिलरी ब्रे नावाचा वंशावळींचा तज्ज्ञ बनून आलाय. वेषांतर म्हणाल तर मुख्यतः एक चष्मा. ब्लोफेल्ड त्याच्याशी बोलतो, त्याला हिंडवून सगळं दाखवतो आणि ओळखत नाही. शेवटी बाँडचं बिंग फुटतं ते एका जुन्या घराण्याची थडगी कुठल्या चर्चमध्ये आहेत, हे चुकीचं सांगितल्यामुळे. चेहऱ्यावरून नाही.

आता कुणी म्हणेल, नट बदलले होते. बाँड शॉन कॉनरीचा जॉर्ज लेझनबी झाला होता, ब्लोफेल्ड प्लेझन्सचा टेली सव्हालास. खरं आहे. पण खरं कारण मुळात कादंबऱ्यांचा क्रम उलटा झाला, हे आहे. इयन फ्लेमिंगने १९६१ साली ‘थंडरबॉल’मध्ये ब्लोफेल्डला जन्म दिला, १९६३ च्या ‘ऑन हर मॅजेस्टीज’मध्ये त्याची आणि बाँडची पहिली गाठ घातली, आणि १९६४ च्या ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’मध्ये बाँडच्या हातून त्याचा जीव घेतला. चित्रपटवाल्यांनी तिसरी आधी केली आणि दुसरी नंतर. दिग्दर्शक पीटर हंट कादंबरीशी प्रामाणिक राहिला, आणि कादंबरीत तर ते दोघं याआधी भेटलेलेच नव्हते.

मी हे चित्रपट लहानपणी केबलवर पाहिले, क्रमाबिमाचा पत्ता नसताना. आज रॉजर मूर, उद्या कॉनरी, परवा टिमथी डाल्टन. कुठला आधी नि कुठला नंतर हे कोडं आम्ही भावंडं चेहऱ्यांवरून, गाड्यांवरून, बायकांच्या केसांच्या ठेवणीवरून सोडवत बसायचो. सगळं ओळीने लावल्यावर दिसलं की ही गोष्ट पुढे सरकतच नाही. प्रत्येक वेळी पाटी कोरी. मला त्याचं फार वाईट वाटलं नव्हतं, कारण बहुतेक खलनायक त्या एका चित्रपटापुरतेच असायचे. गोल्डफिंगर आला, गेला. स्कारामांगा आला, गेला. त्यांच्याकडे कुणाचं काही येणं नव्हतं. ब्लोफेल्डकडे मात्र होतं.

ते येणं १९६९ च्या त्याच चित्रपटाच्या शेवटी तयार होतं. पोर्तुगालमध्ये बाँडचं लग्न लागलंय. ट्रेसी, म्हणजे डायना रिग, नवरीच्या कौतुकात गाडीत बसली आहे. गाडीवर इतकी फुलं लावलीयत की बाँड ती काढून टाकायला रस्त्याच्या कडेला थांबतो. मागून एक गाडी भरधाव येते. चालवतोय ब्लोफेल्ड, मानेला पट्टा बांधलेला. मागच्या सीटवर त्याची सहकारी इर्मा बुंट. ती गोळ्यांचा वर्षाव करते, गाडी निघून जाते. बाँड उडी मारून आत बसतो, पाठलाग करायच्या तयारीत, “ब्लोफेल्ड होता तो!” असं म्हणतो आणि शेजारी बघतो. पुढच्या काचेला भोक पडलंय. मोटरसायकलवरचा पोलीस येऊन थांबतो. बाँड तिचं डोकं मांडीवर घेऊन त्याला सांगतो की काही झालेलं नाही, ती जरा विसावलीय, आम्हाला घाई नाही, आमच्याकडे सगळ्या जगाचा वेळ आहे. लेझनबीच्या अभिनयाला लोक नावं ठेवतात. हा प्रसंग बघून कुणी ठेवून दाखवावीत.

अशा ठिकाणी गोष्ट सोडली की पुढच्या भागावर कर्ज चढतं. बायको गेली, मारणारा मोकाट फिरतोय, आणि नायकाचा स्वभाव आता तोच राहूच शकत नाही. फ्लेमिंगने हे कर्ज फेडलं होतं. त्याच्या पुढच्या कादंबरीत बाँड पार खचलेला आहे, कामात चुका करतोय, नोकरी जायची वेळ आलीय. जपानमध्ये एका किल्ल्याभोवती विषारी झाडांची बाग लावून बसलेला माणूस म्हणजेच ब्लोफेल्ड, हे फोटोवरून कळल्यावर तो एकटा तिथे शिरतो आणि त्याला गळा दाबून मारतो. ती कादंबरी तितकीशी बांधेसूद नाही, प्रवासवर्णनच जास्त आहे, पण शेवटची ती झटापट वाचताना मागच्या पुस्तकाची शेवटची पानं आपल्या हातात असल्यासारखी वाटतात.

चित्रपटात मात्र तो किल्ला आधीच खर्ची पडला होता, तोही ज्वालामुखी होऊन. म्हणून १९७१ साली ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’ सुरू होतो तेव्हा कॉनरी परत आलाय, सुरुवातीची काही मिनिटं तो ब्लोफेल्डला शोधत लोकांना बदडतो, आणि ट्रेसीचं नाव एकदाही येत नाही. एकदाही. ब्लोफेल्ड आता चार्ल्स ग्रे, डोक्यावर छान केस, हजरजबाबी. हाच ग्रे चार वर्षांपूर्वी बाँडला मदत करणारा हेंडरसन म्हणून येऊन मेलेला होता. शेवटी तो एका छोट्या पाणबुडीत अडकतो, क्रेन ती इकडून तिकडे आदळते, आणि तो मेला की जगला हेसुद्धा धड सांगितलेलं नाही. इर्मा बुंट तर गायबच झाली. तिला निदान कारण होतं: ती भूमिका करणारी जर्मन अभिनेत्री इल्झे श्टेपाट चित्रपट प्रदर्शित झाल्यावर काही दिवसांतच, डिसेंबर १९६९ मध्ये वारली. पण गोष्टीतल्या बुंटचं काय झालं, हे विचारायचीही कुणाला गरज वाटली नाही. गोळी तर तिनेच झाडली होती.

मला सातत्याबद्दल जे म्हणायचंय ते एवढ्यासाठी. रसिकांनी सातत्याचा आग्रह धरला की लोकांना वाटतं आम्ही तारखा आणि गाड्यांचे नंबर जुळवत बसलोय. ती हौस आहे, नाही असं नाही, पण ते दुय्यम. मोटारीचा रंग बदलला तर बदलू दे. नट बदलला तरी हरकत नाही. खलनायकाने जे केलं ते केलेलंच राहिलं पाहिजे. त्याने मारलेलं माणूस पुढच्या भागातही मेलेलं असलं पाहिजे, कुणाच्या तरी बोलण्यात, कुणाच्या तरी गप्प बसण्यात. मोठ्या कथामालिकेत नायक रोज काहीतरी करतच असतो, त्यामुळे त्याच्या एकेका कृतीचं वजन कमी होत जातं. खलनायकाची एखादीच कृती असते जी परत फिरवता येत नाही. कथेची सगळी आठवण त्या एका कृतीत साठलेली असते. ती पुसली की मागचे सगळे भाग हवेत जातात.

आणि गंमत बघा, ट्रेसीची आठवण बाँडच्या चित्रपटांनी पूर्ण पुसलीही नाही. ती फटीफटींतून येत राहिली. १९७७ मध्ये रशियन हेर आन्या बाँडची माहिती घडाघडा सांगत असते, लग्नापर्यंत येते, आणि मूर तिला तिथेच तोडतो. चेहऱ्यावरचं मिस्कील हसू क्षणात जातं. १९८९ मध्ये बाँडच्या मित्राची, फिलिक्स लायटरची, नवी नवरी गंमत म्हणून बाँडकडे गार्टर टाकते, पुढचं लग्न तुझं म्हणते. डाल्टन काही न बोलता निघून जातो, आणि फिलिक्स तिला हळूच सांगतो की त्याचं एकदा लग्न झालं होतं, फार वर्षांपूर्वी. तिसरा नट, चौथा नट, पण दुखणं तेच. हे पाहिलं की कळतं, सातत्य टिकवायला पानंच्या पानं लागत नाहीत. एक वाक्य पुरतं, लिहिणाऱ्याला आठवण असली की झालं.

ब्लोफेल्डचा शेवट इतका हास्यास्पद का झाला, याची हकिगत कोर्टातली आहे. १९५९ च्या सुमारास फ्लेमिंग, केव्हिन मॅक्लोरी आणि जॅक व्हिटिंगहॅम यांनी मिळून एका चित्रपटाची पटकथा लिहायला घेतली होती. चित्रपट झाला नाही. फ्लेमिंगने त्याच मजकुरावरून ‘थंडरबॉल’ कादंबरी काढली, आणि बाकीच्या दोघांना विचारलं नाही. दावा लागला, १९६३ मध्ये तडजोड झाली, आणि ‘थंडरबॉल’चे चित्रपट-हक्क मॅक्लोरीकडे गेले. पुढे स्पेक्टर आणि ब्लोफेल्ड नेमके कुणाचे, यावर वर्षानुवर्षं भांडण चाललं. १९७७ चा खलनायक ब्लोफेल्डच व्हायचा होता, तो या भांडणापायी स्ट्रॉमबर्ग झाला.

मग १९८१ साली ‘फॉर युअर आइज ओन्ली’ आला. सुरुवातीला रॉजर मूर चर्चच्या आवारात ट्रेसीच्या थडग्यावर फुलं ठेवतो. दगडावर तिचं नाव आणि १९४३-१९६९ ही सालं कोरलेली. हा चित्रपट पहिल्यांदा बघताना माझ्या अंगावर काटा आला होता. आता हिशेब होणार. आणि पुढच्या काही मिनिटांत चाकाच्या खुर्चीतला, मांडीवर पांढरी मांजर असलेला, टकला माणूस बाँडच्या हेलिकॉप्टरचा ताबा रिमोटने घेतो. त्याचं नाव कुणी घेत नाही, घेता येत नाही. बाँड हेलिकॉप्टर ताब्यात आणतो, खुर्चीसकट त्याला उचलतो आणि कारखान्याच्या धुराड्यात टाकून देतो. तो माणूस बाँडला सौदा म्हणून खाद्यपदार्थांचं दुकान घेऊन द्यायचं आमिष दाखवत असतो. ट्रेसीचा सूड असा उगवला गेला! निर्माते अल्बर्ट ब्रॉकली यांना प्रतिपक्षाला दाखवून द्यायचं होतं की आमचं तुमच्या ब्लोफेल्डवाचून अडत नाही. दाखवून दिलं. पण ती चपराक मॅक्लोरीला बसण्याऐवजी त्या थडग्याला बसली. दोन कंपन्यांच्या भांडणात जिचा काही संबंध नव्हता तिचा सूड कुणाच्या तरी वकिलाला टोमणा मारायला वापरला गेला. दोन वर्षांनी मॅक्लोरीनेही आपला ब्लोफेल्ड आणला, ‘नेव्हर से नेव्हर अगेन’मध्ये मॅक्स फॉन सिडोसारखा नट घेऊन, आणि त्याला जेमतेम काही प्रसंग दिले.

मॅक्लोरी २००६ मध्ये गेला. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये बाँडच्या निर्मात्यांना त्याच्या वारसांकडून हक्क मिळाले. पन्नास वर्षांचं भांडण मिटलं, ब्लोफेल्ड घरी आला. आणि २०१५ च्या ‘स्पेक्टर’मध्ये त्याचं काय केलं? त्याला बाँडचा मानलेला भाऊ केलं.

म्हणजे असं की आई-वडील गेल्यावर पोरक्या बाँडला हानेस ओबरहाउजर नावाच्या माणसाने सांभाळलं. त्याच्या सख्ख्या मुलाला, फ्रांझला, मत्सर वाटला. त्याने बापाला मारलं, स्वतः मेल्याचं सोंग केलं, नाव बदललं आणि तो ब्लोफेल्ड झाला. ला शिफ्र, ग्रीन, सिल्वा, आधीच्या तिन्ही चित्रपटांतले खलनायक म्हणे त्याचीच माणसं, आणि बाँडची सगळी दुःखं त्याचीच करणी. ओबरहाउजर फ्लेमिंगचाच आहे, त्याच्या एका लघुकथेत येतो, बाँडला स्की शिकवणारा भला माणूस. ती कथा मला फार आवडते. त्यातला खुनी एक सामान्य, लोभी, पुढे दारूत बुडालेला इंग्रज मेजर आहे. त्याच्या जागी हा आला.

क्रिस्तोफ वॉल्ट्झ उत्तम नट आहे, त्याचा दोष नाही. पण २००६ च्या ‘कसिनो रोयाल’मध्ये व्हेस्पर बाँडला दगा देते तो तिचा दगा होता. तिच्या प्रियकराचा जीव टांगणीला होता, तिने एक निवड केली आणि पाण्यात बुडून ती मेली. सिल्वाचा राग एमवर, म्हणजे बाँडच्या वरिष्ठ अधिकारी बाईंवर होता, कारण एमने त्याला शत्रूच्या हवाली केलं होतं. ही माणसं आपापल्या कारणाने वाईट झाली होती. नऊ वर्षांनी कुणीतरी येऊन सांगतं की सगळे धागे माझ्याच हातात होते, तेव्हा त्या कारणांची माती होते. गोष्ट मोठी झाल्याचा भास होतो, प्रत्यक्षात ती एका घरातल्या भावाभावांच्या हेव्यादाव्याएवढी आकसते.

नातं जोडून खलनायक मोठा करता येत नाही, असं नाही. १९८० च्या स्टार वॉर्स चित्रपटात खलनायक डार्थ व्हेडर नायक ल्यूकला सांगतो की मी तुझा बाप आहे, तेव्हा ल्यूकच्या पायाखालची जमीन जाते. बापाच्या खुन्याला मारायला निघालेला मुलगा आता काय करणार? त्या एका वाक्याने पुढची वाट बंद झाली आणि नवी उघडली. ब्लोफेल्डने बाँडला भाऊ म्हटल्यावर बाँडचं काहीच बदलत नाही. तो तेच करतो जे एरवी केलं असतं.

त्याच स्टार वॉर्सने पुढे हीच चूक दुप्पट करून दाखवली. १९८३ मध्ये व्हेडर आपल्या मुलाला वाचवण्यासाठी सम्राट पॅल्पटीनला उचलून खोल विवरात फेकतो आणि स्वतः मरतो. १९९९ ते २००५ चे तीन चित्रपट हा माणूस त्या टोकाला कसा पोचला, हे सांगण्यासाठीच केले गेले. सहा चित्रपटांचा भार त्या एका फेकण्यावर. २०१९ मध्ये पॅल्पटीन परत आला. कसा? एक पात्र म्हणतं, कसा कोण जाणे, पण आला. तेवढंच. त्याचं पुनरागमन जाहीर करणारं भाषण ज्याचा उल्लेख चित्रपटाच्या पहिल्याच ओळींत आहे, ते ऐकवलं गेलं फोर्टनाइट या व्हिडिओ गेममध्ये. वर ‘रे’ ही नव्या भागांची नायिका त्याची नात निघाली, जिचे आई-बाप कुणी खास नव्हते असं २०१७ च्या भागाने इतक्या धीटपणे सांगितलं होतं. मला पॅल्पटीन जिवंत झाल्याचा राग नाही. व्हेडरचं मरण वाया गेलं, याचा आहे.

मेलेला दुष्ट परत येऊच नये, असं मी म्हणत नाही. कीर्तनांतून जय-विजयांची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला असं म्हणता येणार नाही. वैकुंठाचे दोन द्वारपाल सनकादिकांच्या शापाने खाली येतात: हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, मग रावण-कुंभकर्ण, मग शिशुपाल-दंतवक्र. वैरी तेच, तीन वेळा. पण तीन जन्म हे आधीच ठरलंय, का ते ठरलंय, आणि चौथा नाही. नरसिंहाने फाडलेला हिरण्यकशिपू रावण होऊन आला म्हणून प्रल्हादाचं सोसणं कमी होत नाही, कारण रावण लंकेत राज्य करतो, प्रल्हादाच्या दारात पुन्हा उभा राहत नाही. ज्या कुणी ही गोष्ट रचली त्याला मालिका कशी चालवायची हे पक्कं माहीत होतं.

‘नो टाइम टू डाय’ मी माझ्या भाच्याबरोबर पाहिला. डॅनियल क्रेगचे आधीचे चारही चित्रपट पाहिलेला, त्याहून जुना एकही नाही. सुरुवातीला इटलीतल्या माटेराच्या वाटेवर गाडीत मॅडलिन म्हणते वेगात चल, आणि बाँड म्हणतो, घाई कशाला, आपल्याकडे सगळ्या जगाचा वेळ आहे. शेवटी ‘ऑन हर मॅजेस्टीज’मधलं, याच शब्दांचं लुई आर्मस्ट्राँगचं १९६९ चं गाणं लागतं. दिवे लागले तेव्हा माझे डोळे भरलेले.

“मावशी, बाँड मेला म्हणून?”

“नाही रे. ते गाणं ट्रेसीचं आहे.”

“ट्रेसी कोण?”

त्याला सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की त्याचा प्रश्न बरोबर आहे. क्रेगच्या बाँडचं लग्न कधी झालंच नाही. या गोष्टीत ट्रेसी नावाचं कुणी जन्मालाच आलेलं नाही. तिचं वाक्य आहे, तिचं गाणं आहे, ती नाही. याच चित्रपटात बाँड ब्लोफेल्डचा गळा आवळतो, फ्लेमिंगच्या कादंबरीतल्यासारखा “मर, ब्लोफेल्ड, मर” म्हणतो, आणि हाताला लागलेल्या सूक्ष्म यंत्रांमुळे ब्लोफेल्ड खरोखरच मरतो. बाँडला ते ठाऊकही नसतं, आणि त्या यंत्रांमागे दुसराच खलनायक असतो. विषारी बागही आहे, ती त्याच दुसऱ्या खलनायकाच्या बेटावर. सगळं सामान आलं, पण ज्याच्यासाठी ते जमवलं होतं ते कारण मागेच राहिलं. भाच्याला घरी आल्यावर मी ‘ऑन हर मॅजेस्टीज’ लावून दिला. शेवट झाल्यावर तो म्हणाला, “मग पुढच्यात काय होतं?” काय सांगणार होते मी त्याला?

फेब्रुवारी २०२५ मध्ये बाँडची सर्जनशील सूत्रं ब्रॉकली कुटुंबाकडून अमेझॉन एमजीएमकडे गेली, त्याच वर्षी दिग्दर्शक म्हणून दनी व्हिलनव्हचं नाव जाहीर झालं. बाँड मेलेला असल्याने सगळं नव्याने सुरू होणार हे उघड आहे. माझी धास्ती ही की पहिल्याच चित्रपटात ओळखीचं नाव हवं म्हणून ब्लोफेल्डला पुढे करतील, त्याच्या बालपणाची एखादी मालिका काढतील, त्याला पुन्हा कुणाचा तरी कुणीतरी करतील. ये रे माझ्या मागल्या.

त्यापेक्षा आता एक गोष्ट करता येण्याजोगी आहे जी साठ वर्षांत करता आली नव्हती. हक्क एका हातात आहेत. ब्लोफेल्डच्या तिन्ही कादंबऱ्या लिहिल्या त्याच क्रमाने करा, १९६१ ची, मग १९६३ ची, मग १९६४ ची. तिन्हीत ब्लोफेल्ड म्हणून एकच नट घ्या. तो पहिल्या भागात बाँडला भेटणारही नाही, नुसता दूर बसून कट शिजवेल. दुसऱ्याच्या शेवटी ती मरेल, पडदा पडेल, आणि मधली दोन-तीन वर्षं काही खुलासा येणार नाही, लहान पडद्यावर जोडकथा येणार नाही. मग तिसऱ्यात तो किल्ला दाखवा, ती बाग दाखवा. आणि इर्मा बुंटलाही विसरू नका. कादंबरीत ती त्या किल्ल्यात त्याच्यासोबतच असते.